एकोणतीसचा पाढा

सर्व्हर बंद पडला आणि वर्गातल्या चाळीस मुलांच्या कानांतले चाळीस शिक्षक एकदम गप्प झाले. आता हजेरीपुरत्याच उरलेल्या वैजयंताबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, “चला, एकोणतीसचा पाढा. सगळ्यांनी एका सुरात.”

“सगळ्यांनी एकदम?” पहिल्या बाकावरची केतकी गोंधळली. “मग कोण चुकलं ते कसं कळणार, बाई?”

“नाही कळत.”

दहा वर्षांच्या केतकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिच्या कानातला शिक्षक तिची एकूणएक चूक पकडायचा आणि सुधारेपर्यंत तिला सोडायचा नाही.

पाढा सुरू झाला. एकोणतीस सक्कं आलं आणि केतकीचा आवाज थांबला. ती नुसतेच ओठ हलवू लागली. लहानपणी बाईही नेमक्या इथेच ओठ हलवायच्या.

मुलांबरोबर पाढा म्हणता म्हणता त्यांनी आपला आवाज चढवला.