झिल्जन, म्हणा

बाबांच्या वाद्यांच्या दुकानात एकच नियम होता. कंपनीचं नाव नीट उच्चारल्याशिवाय वाद्य मिळायचं नाही. ड्रमच्या झांजा घ्यायला आलेला माणूस “झिल्डजियान दाखवा” म्हणाला की बाबा हात मागे बांधून उभे राहायचे. “झिल्जन. म्हणा.” अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच समोरच्या दुकानात जायची, पण जाताना शुद्ध उच्चार फुकट घेऊन जायची.

आता बाबा कुणालाच ओळखत नाहीत. आईला परकी बाई समजून अंग चोरून बसतात. मला अहो-जाहो करतात. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्या खाटेशी बसतो आणि मुद्दाम म्हणतो, “बाबा, झिल्डजियानचा माल आलाय.”

“झिल्जन, गाढवा.”

गाढवा ते जन्मभर फक्त मलाच म्हणत आलेत. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

आज मला तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा बाबांनी मान वर केली, ओशाळं हसले आणि माझ्या मागून सावकाश म्हणाले, “झिल्डजियान. आता बरोबर म्हणालो ना, साहेब?”