चोर कुठे लपला?

"सर, चोर सापडला ना जी!" दुसरीतली झुरी टॅब नाचवत ओरडली. भूगोलाच्या या गुप्तहेर-खेळात तिचा जिल्ह्यात पहिला नंबर होता.

उसेंडी सरांनी कौतुकानं पाहिलं. पडद्यावर आकाशातून टिपलेलं जंगल होतं. "कसं ओळखलंस गं?"

"हे काळे गोल पाहा ना! मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. म्हणजे जवळ माणसं राहतात. ही तर माझ्या मावशीची वस्ती, तिचा टोला!"

सरांना आत्ता उलगडा झाला. गेल्या आठवड्यात झुरीनं असाच शोधलेला टोला परवा पोकलेननं भुईसपाट केला होता. खाणवाल्यांनी फुकट टॅब वाटले ते यासाठी! त्यांच्या यंत्रांना न कळणारं जंगल हे हरामखोर सात वर्षांच्या लेकरांकडून वाचून घेत होते.

"उत्तर पाठवलंस?"

"नाही जी, आता बोट लावते."

"थांब! चोर तिथं नाही." सरांनी तिचं बोट धरून चित्राच्या कडेला, खाणकंपनीच्या बंगल्यावर टेकवलं.

लाल अक्षरं उमटली: 'चूक.'

"माझा नंबर गेला ना जी!" झुरी रडकुंडीला आली.

"जाऊ दे गेला तर!" सर कडाडले. "सगळ्यांनी टॅब काढा रे. वर्गाचं उत्तर हेच जाईल."