खालची खोली

"फुकट मिळणारे वकील हरण्यासाठीच असतात का हो?"

प्रश्न सुटला आणि तिनं जीभ चावली. बाहेर पायऱ्यांवर तिच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. पैज त्यांचीच. विचारून दाखव, नाहीतर आजपासून तुझं 'भोंगा' हे नाव रद्द. अख्खा वर्ग तिला त्याच नावानं हाक मारायचा आणि अलीकडे तिला ते आवडायलाही लागलं होतं.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मोफत कायदा मदत केंद्राची ती खोली अशी, की फायलींना बसायला जागा होती, माणसांना नव्हती.

"या वर्षी सोळा घरं वाचवली," त्या म्हणाल्या. "पाच गेली. त्या पाचांची नावं मला पाठ आहेत. आणखी काही?"

"नाही," ती म्हणाली आणि मावशीच्या हातातली नोटीस काढून टेबलावर ठेवली.

मावशी शिवणकाम करायची. बावीस वर्षं त्याच तळमजल्यावरच्या खोलीत, त्याच खिडकीशी तिचं मशीन. गुडघे असे, की दोन पायऱ्या चढल्या तर तिसरीला हात जोडावे. गिऱ्हाईकं सगळी त्याच गल्लीतली. खोली गेली तर डोक्यावरचं छप्पर जाणार आणि हातचं कामही जाणार. सोमवारी सुनावणी होती. आज शुक्रवार.

वकीलबाई वाचत होत्या, ती पाय हलवत होती. टेबलही हलायला लागलं तेव्हा मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

"ही कोण तुमची?"

"माझीच आहे," मावशी म्हणाली. "पहिल्या झबल्यापासून हिचं सगळं मीच शिवलंय."

"बरं. भाड्याची तक्रार नाही, खोली खराब केली असंही नाही. मालक म्हणतो, त्याच्या लेकराला अभ्यासाला जागा हवी." वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. "हे कारण चिवट असतं. मग कोर्ट तराजू काढतं, कुणाचे हाल जास्त? मालकाकडे दुसरी जागा पडून आहे, हे दाखवावं लागेल. घराचा नकाशा काढा. मी प्रत्येकाकडून काढून घेते."

मावशीनं पेन्सिल धरली. मशीन, खिडकी, खाट. एवढं काढून ती थांबली. बाकी कागद कोरा.

"आणि वरचं, मालकाचं?"

"वर कशाला जाते मी, बाई? या गुडघ्यांनी?"

"दे इकडे." तिनं पेन्सिल ओढून घेतली. जिना, चार खोल्या, गच्ची. कोपऱ्यातल्या खोलीत व्यायामाची सायकल काढली आणि सायकलीवर वाळत घातलेले टॉवेल. शेजारच्या खोलीत रिकामी खोकी.

"टॉवेलसुद्धा!" वकीलबाई हसल्या. "बरंच माहीत आहे की तुला."

"लहानपणापासून हुंदडतेय तिथं."

"कामाचा आहे नकाशा. पण मालक म्हणेल, वर गडबड असते, लेकराला शांतता हवी. मग आपण अडकलो." त्यांनी पेन बंद केलं. "खरं सांगू? अशी केस एकाच गोष्टीनं झटक्यात पडते. त्या लेकरानंच उभं राहून सांगायचं, मला नको. पण बापाविरुद्ध कोण बोलतं? इतक्या वर्षांत मी नाही पाहिलं. कसं आहे ते पोर?"

ती गच्चीच्या कठड्याला गज काढत राहिली. एक, दोन, दहा, वीस.

"गुणाचं आहे," मावशी म्हणाली. "माझ्यापाशी येऊन बडबड बडबड करतं. बापापुढे मात्र मांजर. त्याला नका ओढू यात. त्याला त्यांच्यातच राहायचंय. माझं काय, मी जाईन कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं?" तिचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या टेबलावरचा कारकून वळून बघायला लागला. "सांग ना. कुठं?"

मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

बाहेर मैत्रिणींनी झडप घातली.

"विचारलंस?"

"विचारलं."

"आणि ते दुसरं? ते सांगितलंस?"

"नाही."

"वा! म्हणे भोंगा."

"गप गं," ती म्हणाली. मावशीचा हात धरून तिनं रस्ता ओलांडला. वाटेत मावशी दुकानांच्या कट्ट्यांवर तीनदा टेकली. दर वेळी ती तिच्यासमोर येरझारा घालत राहिली.

मावशी मशीनशी बसली, तरी ती दारातून हलेना.

"जा, अभ्यास कर," मावशी म्हणाली. "सोमवारचं सोमवारी बघू. आणि डोळे पूस आधी. सगळ्यांनी विचारायला नको."

ती घरात आली. पाणी प्यायली. परत प्यायली. बाबा सोमवारसाठी शर्टाला इस्त्री करत होते.

"हा नको, फार भारी दिसतो," आई म्हणाली. "तो जुना निळा घाला. जजसमोर गरजू दिसायला हवं."

"त्याची कॉलर विरलीय गं."

"मग बरंच आहे की!"

"बाबा," ती म्हणाली.

"हं."

"सोमवारी मी येणार आहे."

"शाळा बुडवायची नाही," आई म्हणाली.

"मला तिथं बोलायचंय."

बाबांनी इस्त्री उभी केली. "तू? तू काय बोलणार?"

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मावशीची खोली तुम्ही माझ्या नावानं मागितलीत ना, बाबा? मी मावशीच्या बाजूला उभी राहून सांगणार आहे, की मला ती नको."