बिनवासाचा गॅस

लिंबू. खोलीत कुणी कापलेलं नाही. भिंतीवरचा डबा मधूनच फुस्स करतो आणि कुजक्या लिंबासारखा वास पसरवतो.

अध्यक्षांच्या मिशीला लागलेलं क्रीम.

एक कामगार बाई. तीन घरं पलीकडे दूध करपलं तरी हिला आधी कळायचं, असं तिची सासू सांगते. सासू जळीत वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली असते. बाई आत असते.

स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घाण वास लावतात, गळला तर कळावा म्हणून. स्प्रेच्या डब्यांत भरायच्या गॅसचा असलेला वासही काढून टाकतात, अत्तर नासू नये म्हणून.

"गॅसच्या वासाकडे दुर्लक्ष करून कामगार महिलेने यंत्र चालू ठेवले."

हे वाक्य स्प्रे-उत्पादक संघटनेच्या निवेदनातलं. खाली फक्त तांत्रिक सल्लागारबाईंची सही राहिली होती.

टेबलाभोवती कारखानदार केक खात होते. भडका उडाला तो त्यांच्यातल्याच एकाच्या कारखान्यात, डबे भरायच्या खोलीत. तो मान खाली घालून बसला होता. पण खात होता.

"सही करा बाई, चहा गार होतोय," अध्यक्ष म्हणाले. "संघटना असते कशाला? आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायलाच ना?"

"आणि दोष तिचा ठरला की खटलाही तिच्यावरच," सल्लागारबाई म्हणाल्या.

"ती काय आपली सभासद आहे?"

हशा पिकला. गॅसची गळती ओळखणारं यंत्र छोट्या कारखान्यांना सक्तीचं नको, हेही याच टेबलावर ठरलं होतं. सरकारच्या गळी ते उतरवलंही होतं. तेव्हाही केक होता.

सल्लागारबाई उठल्या. भिंतीवरचा लिंबाचा डबा काढून बाहेर ठेवला. दार लावून घेतलं. पिशवीतून लेबल नसलेला पांढरा डबा काढला आणि बटण दाबून धरलं. फुस्स आवाज बराच वेळ चालला.

"कसला वास येतोय?"

अध्यक्षांनी नाक वर करून हुंगलं. त्यांचा चेहरा खुलला.

"कसलाच नाही! म्हणजे आपलाच माल. इतका शुद्ध गॅस दुसऱ्या कुणी काढून दाखवावा."

बाईंनी पिशवीतून काडेपेटी काढली.

खुर्च्या उलटल्या. केक खाली पडला आणि त्याच्यावर पाय देत सगळे दाराकडे धावले. मान खाली घातलेला कारखानदार सगळ्यांत पुढे.

"वेड लागलंय का तुला? विझव! नाही, पेटवू नकोस! जळून मरू सगळे!" अध्यक्ष किंचाळले. क्रीम अजून मिशीलाच होतं.

सभेचं इतिवृत्त लिहिणारा कारकून वहीसकट पळाला होता. बाहेर धापा टाकत त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, 'अध्यक्ष उठले' असं लिहू की 'पळाले' असं?"

आत बाईंनी काडेपेटी न उघडताच टेबलावर ठेवली. निवेदनातलं ते वाक्य खोडलं. त्याच्या वर लिहिलं : 'या गॅसला वास नसतो. हे संघटनेच्या प्रत्येक सभासदाला माहीत आहे.' मग सही केली.

सकाळी त्या पांढऱ्या डब्यात त्यांनी नुसती हवा भरून आणली होती.