गाडी तर बघा

"ट्रकची नोकरी धरायची नाही," बायकोनं बजावलं होतं. "तुम्ही पंधरा-पंधरा दिवस बाहेर, मी काय भिंतींशी बोलू?" माझ्या तोंडून नकार निघणार नाही, हे ओळखून ती स्वतःच ट्रान्सपोर्टच्या यार्डात आली.

मॅनेजर म्हणाले, "वहिनी, गाडी तर बघा. नवीकोरी आहे, फक्त क्लीनर मिळायचाय."

ती चपला खाली काढून केबिनमध्ये चढली. सीटमागच्या बिछान्यावर बसून पाहिलं, पदरानं आरसा पुसला. मग हॉर्न दाबला. यार्डातली कुत्री पळाली. खिदळत तिनं पुन्हा दाबला.

"काय ठरलं मग?" मॅनेजरांनी कानांवर हात ठेवत मला विचारलं.

मी 'नाही' म्हणणार, तोच वरून आवाज आला, "साहेब, क्लीनर मिळाला! आणि अहो, माझ्या चपला वर द्या!"