कॉम्प्युटर हँग होतोय

कॉम्प्युटर पुन्हा अडकला, तेव्हा धाकट्याने माउस आपटायचाच काय तो बाकी ठेवला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला होता.

"असंच करतो बघा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "सुरू व्हायलाच जीव खातो. आणि झालाच, तर असा हँग."

"बघतो मी. घोडं कुठे पेंड खातंय ते एकदा कळलं की झालं."

तो या घरातला धाकटा. त्याचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, जिन्यावरून पडून गेला त्याला अजून महिनाही झाला नव्हता. पाय घसरला, असं डॉक्टर म्हणाले, पोलीस म्हणाले, शेजारीपाजारी म्हणाले. धाकट्यानेही खाली मान घालून हेच म्हटलं होतं.

जिना उभा होता खरा, पण दादाचा पाय काही घसरला नव्हता. आईला न सांगता-विचारता वृद्धाश्रमात का टाकलंस, म्हणून त्याने धाकट्याला दारातच धरलं होतं. शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्याने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. मारायचं मनात नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण दादा खाली पडल्यावर त्याने थांबून पाहिलंसुद्धा नाही, हेही त्याचंच. त्याला ओलांडून तो मागच्या गल्लीने सटकला, आणि फोन आल्यावर परगावाहून धावत आल्यासारखा आला.

त्या धावपळीतच त्याला कॅमेरा आठवला आणि तोंडचं पाणी पळालं. दाराबाहेरच्या चपला चोरीला जातात म्हणून दादाने दारावर कॅमेरा बसवला होता. घर लुटलं तरी चालेल, चपला वाचल्या पाहिजेत, म्हणून सगळ्यांनी त्याची टर उडवली होती. त्या कॅमेऱ्यातलं सगळं याच कॉम्प्युटरवर साठत असे.

म्हणून तर माणसं भेटायला बसलेली असतानाच त्याने वहिनीला विचारलं होतं, घरचा कॉम्प्युटर नीट चालतो ना? काही अडलं तर दुकानात देऊ नका, मला सांगा. वहिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. मग झोप नसलेल्या कितीतरी रात्री गेल्या, आणि काल तिचा फोन आला. दादाचे जुने फोटो बघायचेत, पण मेला उघडतच नाही. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिने अजून काहीच पाहिलं नव्हतं.

आज जिना चढताना त्याने आधी मान वर केली. दारावर कॅमेरा नव्हता, नुसती स्क्रूची भोकं होती. रंग लावून घ्यायचाय म्हणून उतरवला, असं वहिनी म्हणाली. टेबलही तिने फिरवून ठेवलं होतं. खिडकीतलं ऊन पडद्यावर येतं, दिसत काही नाही, म्हणे. त्यामुळे बसणाऱ्याची पाठ आता भिंतीवरच्या फळीकडे होत होती, आणि फळीवर दादाचा फोटो होता. धाकट्याला ते बरंच वाटलं. त्या फोटोकडे तोंड करून त्याला हे काम जमलं नसतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. माझा भाऊ आलाय, जरा पडलाय, हळू बोला, असं वहिनीने बजावलं.

त्याने बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पडदा बराच वेळ काळाच राहिला. त्या काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, खांद्यामागे फोटोची चौकट, आणि तिच्या शेजारी एक लाल ठिपका. कसला तरी चार्जर असेल. त्याने नजर काढून घेतली.

मशीन एकदाचं सुरू झालं, तशी आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅम्सची यादी त्याने उघडली. चोर लगेच सापडला. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम होता. मशीन सुरू झालं की हा उठायचा आणि बहुतेक सगळी मेमरी गिळून बसायचा.

"कॅमेरा काढलात, पण त्याचा प्रोग्रॅम इथेच आहे," त्याने समजावून सांगितलं. "तो बिचारा कॅमेरा शोधत बसतो आणि बाकीच्यांचा खोळंबा."

"असं होय! मग बंद करा ना त्याला."

"करतो. त्याआधी जरा जुना कचरा काढतो. तोवर तुम्ही चहा टाका."

वहिनी स्वयंपाकघरात गेली. धाकट्याने घाईघाईने कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग उघडली. दर दिवसाचा वेगळा फोल्डर, प्रत्येकावर तारीख. यादी लांबलचक होती, ती खालपर्यंत बघायला सवड कुणाला होती! हवी ती तारीख सापडली. त्याने फोल्डर उघडायला क्लिक केलं, आणि मशीन पुन्हा अडकलं. दादाचा पडतानाचा चेहरा आता पडद्यावर येतो की काय, अशी भीती त्याला वाटली.

बऱ्याच वेळाने बाण हलला. आता मात्र उघडून बघायच्या फंदात तो पडला नाही. फोल्डर तसाच उचलला, डिलीट केला, रिसायकल बिनही रिकामा केला. खुर्चीला पाठ टेकून त्याने मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

स्वयंपाकघरात मात्र भांड्याचा आवाजसुद्धा नव्हता.

"झालं?" वहिनी दारातून म्हणाली.

"झालं. आता पळेल बघा."

"काय काय काढलंत?"

"म्हटलं ना, कचरा. जुनंपानं."

तिच्या हातात चहा नव्हता, मोबाईल होता. "एकच फोल्डर काढलात, भाऊजी. ते गेले त्या दिवसाचा."

आतल्या खोलीचं दार उघडलं. तिचा भाऊ चांगला जागा होता. तो बाहेरच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"त्या फोल्डरमध्ये काहीच नव्हतं," वहिनी म्हणाली. "त्या दिवशीही हा सकाळपासून हँगच होता."

धाकट्याने मागे वळून पाहिलं. फळीवर, दादाच्या फोटोला टेकून, दारावरचा कॅमेरा ठेवला होता. त्याचा लाल दिवा चालू होता.