मागच्या सीटचा धक्का

मार्केट यार्डाचा सिग्नल सुटला आणि हेमाचा हात सवयीनं आमोदच्या शर्टाकडे गेला. पण धक्का बसलाच नाही. विजेवरची स्कूटर अशी अलगद निघाली, की मांडीवरच्या पिशवीतली कोथिंबीरसुद्धा हलली नाही.

“कळलं का काही?” आमोदनं विचारलं. स्कूटरच्या कारखान्यात मोटरचं सॉफ्टवेअर लिहिणारा हा नवरा. आज स्वारी भलतीच खुशीत होती. “आधी मूठ पिळली, की मोटरला सगळा करंट एकदम जायचा. आता हळूहळू चढवतो. रात्रंदिवस बसलो होतो त्याच्यावर.”

हेमाला बरं वाटलं. मागं बसलं की कंबरेला हिसका बसतो, हे ती दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. त्यावर याचं उत्तर ठरलेलं, मला तर काही जाणवत नाही. ते खोटंही नव्हतं. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं. हिसका बसतो तो मागच्याला.

“चला, उशिरा का होईना, बायकोचं ऐकू आलं म्हणायचं.”

“तुझं? अगं, अक्षता म्हणाली. आमच्या ऑफिसातली. एकदाच बोलली, पण नेमकं बोट ठेवलं तिनं.”

हेमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण दोन वर्षं सांगितलं ती कटकट, आणि त्या बाईनं एकदा सांगितलं तर नेमकं बोट! मत्सर तिला चांगला झणझणीत झोंबला. बिबवेवाडीच्या वळणापर्यंत ती त्यातच जळत राहिली. पुढच्या लाल सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिला दुसरंच काहीतरी सुचलं.

“आमोद, हा धक्का फक्त मागं बसणाऱ्यालाच कळतो ना?”

“हो ना, तीच तर गंमत...” आमोदची जीभ अडखळली. “अगं, तिची गाडी पंक्चर होती. स्वारगेटपर्यंत सोडलं नुसतं.”

“मी काही म्हटलंय का?” हेमानं मागची दांडी दोन्ही हातांनी धरली. “फक्त एवढंच सांग. धक्का बसला, तेव्हा तिनं काय धरलं?”

सिग्नल हिरवा झाला. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा होता. आमोदनं गडबडून मूठ पार शेवटपर्यंत पिळली.

गाडी मात्र काही झालंच नाही अशा थाटात, अलगद निघाली.